दूरच्या ज्वालामुखीची झळ आपल्या धंद्याला

ज्वालामुखी म्हटले की धगधगता डोंगर, वाहणारा लाव्हा आणि जीव घेऊन पळणारी माणसे असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र खरे आहे, पण ते डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे. हजारो किलोमीटर दूर बसलेल्या दुकानदाराला, कारखानदाराला किंवा कारागिराला ज्वालामुखी वेगळ्या वाटेने भेटतो. विमान सुटत नाही, माल गोदामात पडून राहतो, ठरलेली तारीख निघून जाते आणि गिऱ्हाईक पैसे अडवून धरतो. आग तिकडेच राहते, उशीर मात्र इकडे येतो. आणि हा उशीर असा तोटा आहे की, तो विम्याच्या कागदात बहुधा बसत नाही. व्यापारी बांधवांनी ही गोष्ट समजून घ्यावी यासाठी हा लेख.

तीन दिवसांचा पाहुणा

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, इथिओपियाच्या अफार प्रांतातील हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. माणसाच्या लिखित इतिहासात या डोंगराच्या उद्रेकाची नोंद नव्हती. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला. मोठी प्रवासी विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात, म्हणजे लोट त्यांच्याही वर पोहोचला. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. वाऱ्याने ही राख तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवर नेली, तेथून अरबी समुद्रावरून ती सोमवारी रात्री गुजरात-राजस्थानच्या आकाशात पोहोचली, आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत चीनच्या दिशेने निघूनही गेली.

मुंबईपासून हा डोंगर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही त्याचा हिशेब आपल्याकडे चुकता करावा लागला. अकासा कंपनीने २४ आणि २५ नोव्हेंबरची जिद्दा, कुवेत आणि अबुधाबीची उड्डाणे रद्द केली. एअर इंडियाने राखेच्या पट्ट्याजवळून गेलेल्या विमानांची तपासणी करण्यासाठी ११ उड्डाणे रद्द केली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सर्व कंपन्यांना राखेचा प्रदेश टाळण्याची सूचना दिली. राख फार उंचावर असल्याने जमिनीवरच्या हवेला मोठा धोका झाला नाही. पण आखाताकडे जाणारे प्रवासी आणि माल या दोघांचे वेळापत्रक कोलमडले.

तिकडे अफारमध्ये काय झाले, तेही पाहू. अफार हे मुसलमान पशुपालकांचे क्षेत्र. उंट, शेळ्या-मेंढ्या आणि मिठाचा व्यापार यांवर तिथले जीवन चालते. तिथल्या मिठाच्या विटा इथिओपियात विसाव्या शतकापर्यंत नाण्याप्रमाणे चालत असत. उद्रेकानंतर आसपासच्या गावांवर राखेचा थर बसला आणि गवत त्याखाली गेले. माणसे वाचली, पण जनावरांना चरायला काही उरले नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. पशुपालकाचे भांडवल म्हणजे त्याचे जनावर. आपल्याकडे दोन दिवसांची उड्डाणे गेली, त्यांच्याकडे भांडवलावरच घाला आला. झळ एकाच आगीची, पण जो जवळ त्याला जास्त.

ही चुलीतली राख नव्हे

एवढ्याशा राखेला विमान कंपन्या इतक्या का घाबरतात, असा प्रश्न पडतो. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. ती दगडाची आणि काचेची बारीक, धारदार पूड असते. लाकडाची राख पाण्यात कालवली तर तिचा लगदा होतो. ही पूड पाण्यात विरघळत नाही, उलट भिजली की सिमेंटसारखी जड होते. १९९१ साली फिलिपाइन्समध्ये पिनाटुबोचा उद्रेक झाला त्याच दिवशी वादळी पाऊस आला. भिजलेल्या राखेच्या ओझ्याने घरांची छपरे कोसळली आणि अनेकांचे जीव लाव्ह्याने नव्हे तर छपराखाली सापडून गेले.

विमानाच्या इंजिनात या पुडीचे वेगळेच होते. सुमारे ११०० अंश उष्णतेला ती वितळते, आणि जेट इंजिनाच्या आतली उष्णता त्याहून जास्त असते. आत ओढली गेलेली पूड वितळते, पुढे जाऊन इंजिनाच्या पात्यांवर काचेसारखी चिकटते आणि हवेची वाट बंद होते. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे जंबो विमान जावा बेटावरील गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. लंडनहून निघालेले हे विमान मुंबई आणि क्वालालंपूर करून ऑस्ट्रेलियातील पर्थकडे चालले होते. त्याची चारही इंजिने बंद पडली. विमान बरेच खाली आल्यावर वैमानिकांना इंजिने पुन्हा सुरू करता आली आणि ते जकार्ताला सुखरूप उतरले. समोरच्या काचा मात्र वाळूने घासल्यासारख्या आंधळ्या झाल्या होत्या. १९८९ साली अलास्कात के.एल.एम.च्या विमानाचीही चारही इंजिने अशीच बंद पडली आणि तेही वाचले.

रात्री ही राख डोळ्याला दिसत नाही आणि विमानाचे रडारही तिला नीट पकडत नाही. म्हणून १९९० च्या दशकात जगभरात राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रे नेमण्यात आली. उपग्रहाची चित्रे पाहून ही केंद्रे राख कुठे आहे आणि कुठे जाणार याचा इशारा देतात. हायली गुब्बीच्या वेळी फ्रान्समधील तुलूझच्या केंद्राने हे काम केले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की आता विमान राखेत सापडण्याचा धोका फार कमी झाला आहे, पण त्याच्या बदल्यात उड्डाण रद्द होण्याची शक्यता वाढली आहे. जीव वाचतो, तारीख चुकते. हा सौदा योग्यच आहे. पण त्याची किंमत कोण देणार, हे आधी ठरवून ठेवले पाहिजे.

सहा दिवसांत काय काय थांबले

या किमतीचा सर्वांत मोठा नमुना जगाने एप्रिल २०१० मध्ये पाहिला. आइसलँडमधील एय्याफ्यात्लायोकुत्ल या बोजड नावाच्या ज्वालामुखीने १४ एप्रिलला राख ओकायला सुरुवात केली. उद्रेक फार मोठा नव्हता. पण वारा युरोपच्या दिशेने होता. १५ एप्रिलपासून सुमारे सहा दिवस युरोपचे बहुतेक आकाश बंद राहिले. जवळजवळ एक लाख उड्डाणे रद्द झाली, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकले आणि विमान कंपन्यांचे १७० कोटी डॉलर बुडाले असा त्यांच्या संघटनेचा अंदाज होता.

विमान कंपन्यांचे नुकसान वर्तमानपत्रांत आले. लहान माणसाचे नुकसान किती दूर झाले, ते पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेतील केनिया हा देश गुलाबाची फुले आणि कोवळ्या शेंगा विमानाने युरोपला पाठवतो. रात्री पाठवलेले फूल दुसऱ्या दिवशी हॉलंडच्या लिलावात जाते. विमाने थांबली आणि विमानतळावरची शीतगृहे तुडुंब भरली. पुढची तोड ठेवायला जागा नव्हती, म्हणून फुले टोपल्या टोपल्यांनी फेकून द्यावी लागली. रोजचे नुकसान लाखो डॉलरांत गेले आणि हजारो मजुरांना काही दिवस घरी बसवले गेले. या मजुरांपैकी कुणी आइसलँडचे नावही ऐकले नसेल.

दुसरे उदाहरण कारखान्याचे. जपानमध्ये निस्सान कंपनीला आपल्या दोन कारखान्यांत काही मोटारींचे काम थांबवावे लागले. कारण काय, तर चाकातील हवेचा दाब मोजणारा एक छोटासा भाग आयर्लंडहून विमानाने यायचा, तो आला नाही. मोटारीचे इतर सगळे सामान तयार होते. जर्मनीत बी.एम.डब्ल्यू.लाही भागांअभावी काम थांबवावे लागले. जे कारखानदार साठा न ठेवता रोजच्या रोज माल मागवतात, त्यांना हा मोठा धडा होता. आपल्याकडे एखाद्या यंत्रमाग कारखान्यात आयात केलेला एक सुटा भाग नाही म्हणून सगळे माग बंद राहतात. गोष्ट तीच, आकडा तेवढा लहान.

सर्वांचेच हाल झाले असेही नाही. स्पेनची काही विमानतळे उघडी होती. ज्यांनी चटकन निर्णय घेतला त्यांनी माल तिकडे उतरवून पुढे ट्रकने नेला. ज्यांच्या मालाला रस्ता किंवा समुद्राचा दुसरा मार्ग चालत होता, ते थोड्या नफ्यावर पाणी सोडून वाचले. एकाच मार्गावर ज्यांचा सगळा धंदा होता, ते बुडाले.

राख खाली बसते, गंधक वर राहते

आतापर्यंत सांगितलेले नुकसान काही दिवसांचे. ज्वालामुखीची दुसरी झळ वर्षभर, कधी दोन वर्षे टिकते. उद्रेकाबरोबर गंधकाचा वायू बाहेर पडतो. उद्रेक खूप जोराचा असेल तर हा वायू ढगांच्याही वर जातो. तिथे पाऊस नसल्याने तो लवकर धुऊन निघत नाही. त्याचे आम्लाचे बारीक थेंब बनतात, पृथ्वीभोवती पसरतात आणि सूर्याची थोडी उष्णता परत फिरवतात. १९९१ च्या पिनाटुबोनंतर जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने खाली आले आणि त्याचा परिणाम दोनेक वर्षे राहिला. अर्धा अंश ऐकायला कमी वाटतो. पण पीक, पाऊस आणि धान्याचा भाव यांचा हिशेब अशा छोट्या आकड्यांवरच चालतो.

याचे सर्वांत भीषण उदाहरण इंडोनेशियातील सुंबावा बेटाचे आहे. तिथे मुसलमान सुलतानांची छोटी राज्ये होती. तांदूळ, मध, घोडे आणि रंगासाठी लागणारे पतंगीचे लाकूड यांचा मोठा व्यापार चाले. एप्रिल १८१५ मध्ये तिथला तांबोरा पर्वत फुटला. आवाज इतका मोठा की दूर मकासर आणि जावात लोकांना तोफा सुटल्यासारखे वाटले आणि शत्रूचा शोध घ्यायला सैन्य व जहाज पाठवण्यात आले. तांबोरा आणि पेकात ही दोन राज्ये माणसांसह नष्ट झाली. शेतांवर राख बसली, भात गेला, पाणी बिघडले. उद्रेकात सुमारे दहा हजार माणसे तत्काळ मेली, पण त्यानंतरच्या उपासमारीत आणि रोगांत मेलेल्यांची संख्या त्याच्या कित्येक पट आहे. मूठभर तांदळासाठी माणसांनी स्वतःला आणि मुलांना गुलाम म्हणून विकले, अशा नोंदी आहेत. जावाचा इंग्रज गव्हर्नर रॅफल्स याने तांदूळ देऊन एक अधिकारी पाठवला. पण एक जहाज तांदूळ किती जणांना पुरणार?

पुढच्या वर्षी, १८१६ साली, युरोप आणि अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. जूनमध्ये बर्फ पडले, पिके शेतात कुजली आणि धान्याचे भाव गगनाला भिडले. स्वित्झर्लंडमध्ये दुष्काळ पडला. तिथल्या पाववाल्याला हे भाव का वाढले ते कळत नव्हते. एका दूरच्या मुसलमान बेटावर डोंगर फुटला होता, हे त्याचे कारण. या दोन गोष्टींचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला तो सुमारे शंभर वर्षांनी. आज परिस्थिती वेगळी आहे. उद्रेकाची बातमी काही तासांत कळते आणि वर किती वायू गेला याचे मोजमाप काही दिवसांत होते. ज्याचा धंदा धान्य, कापूस किंवा खाद्यतेलाचा आहे, त्याने अशा मोठ्या उद्रेकाची बातमी बाजारभावाच्या बातमीइतकीच लक्ष देऊन वाचावी. मात्र प्रत्येक उद्रेक तांबोरा नसतो. हायली गुब्बीसारख्या उद्रेकाने जगाचा पाऊस बदलत नाही. तेवढ्या बातमीवर भाव वाढवणे किंवा साठा दाबून ठेवणे हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे, आणि साठेबाजीबद्दल आपल्या दीनची शिकवण काय आहे ते सांगायला नको.

मदीनेजवळची आग

ज्वालामुखी ही दूरच्या बेटांची गोष्ट, असे समजण्याचे कारण नाही. मदीना शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या दगडांचे जे खडबडीत माळ आहेत, ज्यांना हर्रा म्हणतात, ते गोठलेल्या लाव्ह्याचेच आहेत. गझवा-ए-खंदकच्या वेळी खंदक उत्तरेच्या बाजूला खणला गेला, कारण इतर बाजूंना या दगडी माळांचा आणि खजुरीच्या बागांचा आडोसा होता, हे वाचकांना ठाऊक असेल. हिजरी ६५४, म्हणजे इ.स. १२५६ मध्ये मदीनेजवळच्या हर्रा रहातमध्ये प्रत्यक्ष उद्रेक झाला. आधी काही दिवस भूकंपाचे धक्के बसले, मग जमीन फाटून लाव्हा वाहू लागला. हा प्रकार ५२ दिवस चालला. लाव्हा सुमारे २३ किलोमीटर वाहत आला आणि शहराच्या अलीकडे काही किलोमीटरवर थांबला. त्या काळातील आलिमांनी आणि इतिहासकारांनी याच्या तपशीलवार नोंदी करून ठेवल्या. आजचे भूशास्त्रज्ञ त्याच नोंदींशी दगडांचा अभ्यास ताडून पाहतात.

अलीकडे २००९ साली सौदी अरेबियाच्या वायव्येला हर्रा लुनैर भागात हजारो छोटे भूकंप झाले आणि मे महिन्यात ५.४ क्षमतेचा धक्का बसला. जमिनीखाली लाव्हा वर सरकत होता. सरकारने सुमारे ४० हजार लोकांना तिथून हलवले. सुदैवाने लाव्हा बाहेर आला नाही आणि लोक घरी परतले. हजला आणि उमराला जाणाऱ्यांनी याची धास्ती घेण्याचे कारण नाही. या भागावर भूकंपमापक यंत्रांची सतत नजर असते.

आपल्या भागात धोका किती?

महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी नाही. पण आपली भूमी लाव्ह्याचीच बनलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. सह्याद्रीचा काळा पाषाण, दौलताबादचा किल्ला ज्या डोंगरावर आहे तो डोंगर, पाथरवटाच्या हातचे जाते आणि पाटा-वरवंटा, आणि कापूस पिकवणारी काळी माती हे सारे त्याचेच देणे. भारतात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातील बॅरन बेट. तिथे वस्ती नाही. दीडेकशे वर्षे शांत राहून तो १९९१ साली जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून, अगदी सप्टेंबर २०२५ मध्येही, त्याचे छोटे उद्रेक होत आले आहेत.

म्हणजे लाव्हा आपल्या दारात येणार नाही. आपला धोका विमानाच्या आणि जहाजाच्या मार्गावर आहे. मुंबईहून थंड केलेले ताजे मांस, भाजीपाला, फळे आणि फुले विमानाने आखातात जातात. हापूसचा हंगाम एप्रिल-मेचा, आणि पेट्या विमानाने लंडन-दुबईला जातात. बॅगा, भरतकाम, जरीचे कपडे यांचे नमुने आणि तातडीच्या ऑर्डरी विमानानेच पाठवाव्या लागतात. पूर्वेकडे बाली आणि इंडोनेशियाच्या मार्गावर तर ही नेहमीची गोष्ट झाली आहे. जून २०२५ मध्ये लेवोतोबी ज्वालामुखीमुळे दिल्लीहून बालीला निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

विम्याच्या कागदात काय असते

मालाच्या विम्याची जी कलमे जगभर चालतात, ती ए, बी आणि सी अशा तीन प्रकारची आहेत. पुष्कळ लहान निर्यातदार हप्ता कमी म्हणून ‘सी’ घेतात. यात आग, जहाज बुडणे, वाहन उलटणे अशी मोजकी कारणे येतात. भूकंप, ज्वालामुखीचा उद्रेक आणि वीज पडणे ही कारणे ‘बी’मध्ये नावानिशी लिहिलेली आहेत, ‘सी’मध्ये ती नाहीत. ‘ए’ प्रकारात वगळलेल्या गोष्टी सोडून सर्व जोखमी येतात. विमानाने जाणाऱ्या मालासाठी वेगळी कलमे आहेत, तीही सर्व जोखमींची असतात.

इथवर ऐकून ‘ए’ घेतले की झाले, असे कुणालाही वाटेल. पण खरी मेख पुढे आहे. या सर्व प्रकारांत एक गोष्ट स्पष्ट वगळलेली असते. उशिरामुळे झालेले नुकसान मिळत नाही, मग तो उशीर विम्यात असलेल्या कारणाने झाला असला तरीही नाही. म्हणजे राख पडून पेटी खराब झाली तर दावा होऊ शकतो. पण राखेमुळे विमान चार दिवस थांबले आणि पेटीतला आंबा सडला, किंवा सणासाठीचा कपडा सण झाल्यावर पोहोचला, तर विमा कंपनी हात वर करते आणि कायद्याने ती बरोबर असते. माल अडकून पडला असताना विमा चालू राहतो, विम्यात असलेल्या जोखमींपासून संरक्षण राहते, पण वेळेची भरपाई मिळत नाही.

म्हणून नवी पॉलिसी घेताना एजंटाला दोनच प्रश्न विचारावेत. कलमे ए, बी, सी पैकी कोणती? आणि उशिराच्या नुकसानीसाठी वेगळे संरक्षण मिळते का, किती हप्त्याला? ज्यांना विम्याबाबत शरई शंका आहे, त्यांनी आलिमांचा सल्ला घ्यावा. ते विमा घेणार नसतील, तर त्यांच्यासाठी पुढची गोष्ट दुप्पट महत्त्वाची.

सौद्यात उशीर लिहून ठेवा

विमा जिथे संपतो तिथे करार सुरू होतो. आपल्याकडे पुष्कळ सौदे तोंडी होतात. ओळखीवर ऑर्डर येते, बयाणा येतो, तारीख ठरते. सगळे सुरळीत असते तोवर यात अडचण नाही. उशीर झाला की मात्र एक म्हणतो मी वेळेत माल दिला, दुसरा म्हणतो मला वेळेत मिळाला नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात.

‘आसमानी संकट आले, आता मी जबाबदार नाही’ असे म्हणून सुटका होते, असा एक गैरसमज आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यानुसार काम खरोखर अशक्य झाले तरच करार संपतो. काम महाग झाले किंवा अवघड झाले एवढ्याने माणूस करारातून मोकळा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका वीज कंपनीच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. चार दिवस विमान बंद असणे म्हणजे काम अशक्य होणे नव्हे. म्हणून नैसर्गिक संकटाने वाहतूक बंद पडली तर किती दिवसांची मुदतवाढ, नाशवंत माल सडला तर तोटा कुणाचा, गोदामाचे भाडे कुणी द्यायचे, आणि किती दिवसांनी दोन्ही बाजूंना सौदा मोडता येईल, या चार गोष्टी ऑर्डरच्या कागदावर चार ओळींत लिहून ठेवाव्यात. मालाची जोखीम कोणत्या ठिकाणी खरेदीदाराकडे जाते, विमानतळावर की पोहोचल्यावर, हेही लिहावे.

एल.सी.वर व्यवहार करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. बँक फक्त कागद पाहते. माल रवाना करण्याची एल.सी.तील अखेरची तारीख उलटली तर उशीर ज्वालामुखीने झाला की आळसाने, याच्याशी तिला कर्तव्य नसते. उड्डाण रद्द झाल्याची बातमी कळताच, तारीख उलटण्याच्या आत, खरेदीदाराकडून एल.सी.त मुदतवाढ करून घ्यावी. तारीख गेल्यावर केलेली विनंती ही मेहेरबानीची विनंती असते.

उधारीचा आणि मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि कुरआनमधील ती सर्वांत मोठी आयत आहे. त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत अडचणीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवड देण्याची शिकवण आहे. दोन्ही एकत्र वाचावीत. लिहून ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे, भांडण टाळण्याचे साधन आहे. आणि समोरच्याचा खरोखर नाइलाज झाला असेल, तर कागदावरचा हक्क असूनही सवड देणे हे मोठेपण आहे.

उमराचे काम करणाऱ्यांसाठी

टूर चालवणाऱ्या बांधवांनाही नोव्हेंबर २०२५ ने हाच धडा दिला. अशा कारणाने उड्डाण रद्द झाले तर विमान कंपनी तिकिटाचे पैसे परत देते किंवा दुसऱ्या उड्डाणाची सोय करते. वेगळी नुकसानभरपाई मात्र देत नाही, कारण हे तिच्या हाताबाहेरचे कारण ठरते. हॉटेलची गेलेली रात्र, बसचे भाडे, मुंबईत अडकलेल्या वृद्ध यात्रेकरूंच्या मुक्कामाचा खर्च हे सगळे टूरवाल्याच्या किंवा यात्रेकरूच्या खिशातून जाते. कुणाच्या खिशातून, हे पावतीवर आधी लिहिलेले असेल तर इबादतीच्या प्रवासाची सुरुवात वादाने होणार नाही. यात्रेकरूंनीही परतीच्या दुसऱ्याच दिवशी लग्न किंवा शस्त्रक्रिया ठेवू नये आणि रोजची औषधे आठवडाभर जास्त बरोबर ठेवावीत.

थोडक्यात

उद्रेक कधी होईल ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच: नाशवंत मालासाठी दुसरा मार्ग आणि शीतगृहाची जागा आधी पाहून ठेवणे, यंत्राच्या महत्त्वाच्या सुट्या भागांचा थोडा साठा ठेवणे, सणाच्या ऑर्डरी अगदी अखेरच्या विमानावर न सोडता आठवडाभर आधी रवाना करणे, एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच मार्गावर सगळा धंदा न टांगणे, आणि सौद्यात उशिराची ओळ लिहिणे. यातल्या कशालाच मोठा पैसा लागत नाही. शेवटच्या गोष्टीला तर फक्त एक कागद आणि एक पेन लागते. अल्लाहवर भरवसा ठेवण्याआधी उंट बांधून ठेवण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. व्यापाऱ्याचा उंट म्हणजे त्याचा लिखित सौदा. पुढची ऑर्डर घेताना तो बांधला आहे की नाही, एवढे पाहावे.